‘नजरगहाण’मधली नजर कुठली?

प्रश्न असा आहे: ट्रॅक्टरच्या कर्जाच्या कागदावर ‘नजरगहाण’ (वस्तू तुमच्याकडेच, पण कर्ज फिटेपर्यंत तिच्यावर बँकेचा हक्क) लिहिलंय, तर ही नजर नजराण्यातली का? म्हणजे ट्रॅक्टर बँकेला नजर केला, असा अर्थ घ्यायचा का?

नाही. ही नजर डोळ्यांची. गोंधळ होणं साहजिक आहे, कारण मराठीत दोन वेगळे अरबी शब्द एकाच रूपात येऊन बसले आहेत. एक पाहण्याचा, दुसरा नवसाचा किंवा भेटीचा. ‘नजर करणे’ आणि ‘नजराणा’ हे दुसऱ्यातून आले. अरबीत दोन्हींचं स्पेलिंग वेगळं, आपल्याकडे उच्चार सारखाच. इथली नजर पाहण्याचीच, याचा चांगला पुरावा हिंदीत सापडतो. तिथे याच व्यवहाराला ‘दृष्टिबंधक’ म्हणतात.

‘गहाण’ मात्र घरचं. संस्कृत ग्रहण, प्राकृत गहण, मराठी गहाण. ग्रह् म्हणजे धरणं. ग्रहणाच्या वेळी ‘दे दान सुटे गिऱ्हाण’ अशी हाळी ऐकली असेल, त्यातलं गिऱ्हाण या गहाणाचा सख्खा भाऊ. चंद्राचं ग्रहण सुटतं आणि सावकाराकडचं गहाणही सुटतं. क्रियापदसुद्धा एकच, हे मला फार आवडतं.

आता दोन्ही जोडा. वस्तू धरलेली, पण फक्त नजरेनं. सोन्याच्या पाटल्या बँकेत ठेवल्या तर त्या तिजोरीत जातात. ते खरं गहाण. (पाटीवर ‘सोनेतारण’ असतं, पण तारण हा व्यापक शब्द, कर्जामागच्या कुठल्याही हमीला चालतो.) ट्रॅक्टर तिजोरीत ठेवून कसं चालेल? तो शेतात चालला तरच हप्ता फिटणार. म्हणून ताबा तुमचा, हक्क बँकेचा. दुकानदाराच्या मालाचंही तसंच. माल रोज विकला जातो, नवा येतो, गहाण मात्र चालूच. दुकानदार दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देतो आणि बँकेचा माणूस अधूनमधून येऊन पोती मोजून जातो. ती ही नजर. त्याच गोदामाला बँकेनं स्वतःचं कुलूप लावलं, की ‘नजर’ गळाली, नुसतं गहाण उरलं.

जुन्या व्यवहारात जमिनीलाही नजरगहाण म्हणत. जमीन सावकाराच्या ताब्यात गेली तर ते कबजेगहाण. आजच्या बँकांच्या भाषेत नजरगहाण जंगम, म्हणजे हलवता येणाऱ्या, मालापुरतं उरलंय. बँकांच्या थकीत कर्जवसुलीसाठीच्या २००२च्या सरफेसी कायद्यातली व्याख्याही तीच: ताबा न देता जंगम मालमत्तेवर ठेवलेला बोजा. त्यामुळे घराच्या किंवा शेताच्या कागदावर हा शब्द शोधू नका, तिथे गहाणखत असतं आणि सातबाऱ्यावर ‘इतर हक्कात’ बोजा चढतो.

कर्ज फिटल्यावर बँकेकडून नमुना ३५ (नजरगहाण संपल्याचा फॉर्म) सही करून घ्या आणि आरटीओत द्या. हप्ते संपले म्हणून आर. सी.वरची नजरगहाणाची नोंद आपोआप जात नाही, आणि ट्रॅक्टर विकायला निघालात की ती आडवी येते.