शेवंतीचा नवा वाण: बीजापासून वर्णनापर्यंत

शेवंतीच्या हंगामात आलेल्या पत्रांपैकी नवा वाण तयार करण्यासंबंधीची चार पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. शेवटच्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण संकर करणारे हौशी बागायतदार पुष्कळ आढळतात, परंतु हाती आलेल्या झाडाचे नीट वर्णन लिहून ठेवणारे फार थोडे असतात.

प्रश्न: आमच्या गच्चीवर गुलाबी आणि पिवळी अशा दोन भरगच्च शेवंती आहेत. नवा रंग मिळावा म्हणून गेल्या हिवाळ्यात एकीचे फूल दुसरीच्या फुलावर घासले, पण बी धरले नाही. शेवंतीला बी धरतच नाही का? (एक वाचक, वाई)

उत्तर: शेवंतीला बी निश्चित धरते. आपला प्रयत्न फसला त्याचे कारण फुलाच्या रचनेत आहे. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो अनेक लहान फुलांचा गुच्छ असतो. बाहेरच्या बाजूला पाकळीसारखी दिसणारी किरण-पुष्पके असतात. ती केवळ स्त्री-पुष्पे असून त्यांत परागकण नसतात. मधल्या डोळ्यात असलेली बिंब-पुष्पके द्विलिंगी असतात आणि पराग त्यांच्याकडूनच मिळतो. भरगच्च वाणांत ही बिंब-पुष्पके फार थोडी उरतात व तीही पाकळ्यांखाली दडलेली असतात. त्यामुळे दोन भरगच्च फुले एकमेकांवर घासली तर पाकळीला पाकळी लागते, इतकेच.

यासाठी भरगच्च फुलाचे झाड मादी म्हणून घ्यावे आणि नर म्हणून डोळा स्पष्ट दिसणारे एकेरी फुलाचे झाड निवडावे. मादीचे फूल पूर्ण उमलत आले की बारीक कात्रीने त्याच्या पाकळ्या बुडाशी थोडा भाग ठेवून कापाव्यात. मध्ये बिंब-पुष्पके दिसली तर ती चिमट्याने काढून टाकावीत आणि फुलावर पातळ कागदी पिशवी बांधावी. कापलेल्या पाकळ्यांच्या बुडाशी असलेली कुक्षी, म्हणजे पराग झेलणारा स्त्री-अवयवाचा शेंडा, आता उघडी पडते, आणि तिची दोन टोके बेचकीसारखी फाकली की ती पराग घेण्यास तयार झाली असे समजावे. दव ओसरून फुले कोरडी झाल्यावर नराच्या डोळ्यातला ताजा पराग मऊ कुंचल्याने त्या टोकांवर लावावा. सगळ्या कुक्षी एकाच दिवशी तयार होत नाहीत, म्हणून हे काम एक दिवसाआड तीन-चार वेळा करावे लागते.

आणखी एक अडचण अशी की शेवंती स्वतःचा पराग सहसा स्वीकारत नाही. हाच नियम एकाच वाणापासून निघालेल्या रंगभेदांनाही लागू पडतो. आपल्या दोन शेवंती मुळात एकाच वाणाच्या असतील आणि त्यांपैकी एकीचा केवळ रंग बदललेला असेल, तर पराग कितीही काळजीपूर्वक लावला तरी बी धरण्याची आशा नाही. पानांचा आकार, उंची आणि फुलण्याचा काळ दोघींत तंतोतंत सारखा असेल तर हा संशय अवश्य घ्यावा.

पराग लावल्यानंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांत फुलाचा देठ तपकिरी होऊन वाळतो. तोपर्यंत पाणी कुंडीतल्या मातीलाच द्यावे. फुलावर पाणी पडले तर बोंड कुजते. बी जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचे असते आणि पुष्कळशा भुश्यातून ते भिंगाने निवडावे लागते. फेब्रुवारीत हलक्या मातीत वरवर पेरल्यास बी आठ-दहा दिवसांत उगवते आणि त्या रोपांना येत्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुले येतात. लागवडीतल्या बहुतेक शेवंतीत गुणसूत्रांचे सहा संच, म्हणजे सुमारे ५४ गुणसूत्रे असतात आणि त्यांची सरमिसळ इतकी झालेली असते की एकाच फुलातल्या दोन बियांपासून सारखी झाडे मिळत नाहीत. त्यांतली बहुतेक झाडे आईबापांपेक्षा डावी निघतात. ती मन घट्ट करून काढून टाकावीत, कारण साधारण झाडांनी गच्ची भरली की चांगल्या झाडाकडे लक्ष देण्यास जागा आणि वेळ दोन्ही उरत नाहीत.

प्रश्न: पांढऱ्या शेवंतीच्या एकाच फांदीवर यंदा पिवळी फुले आली. या झाडाच्या काश्या लावल्या तर पिवळी फुले मिळतील का? हा नवा वाण म्हणावा का? (एक वाचक, फलटण)

उत्तर: काश्या, म्हणजे नवे कोंब, झाडाच्या बुडातून फुटतात आणि बदल तर वरच्या एका फांदीत झाला आहे, त्यामुळे काश्यांना पांढरीच फुले येतील असे धरून चालावे. पिवळा रंग राखायचा असेल तर त्याच फांदीपासून छाट कलम करावे लागेल. त्या फांदीची फुले काढून टाकावीत आणि पाने राहू द्यावीत. पानांच्या बेचक्यांत सुप्त डोळे असतात. शेवंती अल्पदिवसीय वनस्पती असल्याने हिवाळ्यातल्या मोठ्या रात्रींत हे डोळेही कळ्याच धरतील. म्हणून झाड आत घेऊन मध्यरात्रीच्या सुमारास तीन-चार तास दिवा लावावा. नवे फुटवे बोटभर झाले की ते कापून ओलसर वाळूत लावावेत.

पांढऱ्याची पिवळी होण्यामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे. पिवळा रंग कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे येतो. पांढऱ्या शेवंतीच्या पाकळीतही ती तयार होतात, परंतु एक विकर (एन्झाइम) त्यांचे विघटन करत राहते. त्या विकराचे जनुक एखाद्या फांदीत निकामी झाले की दडलेला पिवळा रंग प्रकट होतो. असे बदल घडण्याची वाट न पाहता गॅमा किरणांच्या साहाय्याने ते घडवून आणण्याचे मोठे काम लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत झाले असून त्यातून शेवंतीचे अनेक वाण मिळाले आहेत.

मात्र असा बदल बहुधा शेंड्यातील पेशींच्या एकाच थरात झालेला असतो, त्यामुळे काही कलमे मूळ रंगाकडे परततात. पिवळी राहिलेल्या कलमांतून पुन्हा कलमे घ्यावीत आणि दुसऱ्या वर्षीही रंग टिकला तरच वाणाचा विचार करावा. मूळ पांढरा वाण कोणाच्या नावे नोंदलेला व संरक्षित असेल, तर त्यापासून निघालेला असा रंगभेद कायद्याने साधित वाण ठरू शकतो आणि त्याच्या व्यापारी वापरासाठी मूळ पैदासकाराची संमती लागते.

प्रश्न: संकरातून निळी शेवंती मिळू शकेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: नाही. खरा निळा रंग देणारे द्रव्य शेवंतीत तयार होत नाही, म्हणून कोणत्याही दोन शेवंतींच्या संकरातून तो येणार नाही; फार तर जांभळा मिळेल. जपानी शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये निळी शेवंती प्रसिद्ध केली ती घंटेच्या आकाराच्या कॅम्पॅन्युला फुलातले एक आणि आपल्या कुंपणावरच्या गोकर्णातले एक, अशी दोन जनुके शेवंतीत घालून. बाजारात निळी म्हणून मिळणारी फुले रंगाचे पाणी पाजलेली किंवा फवारलेली असतात.

प्रश्न: बियांपासून वाढवलेल्या रोपांतून मी एक झाड निवडले आहे. त्याचे वर्णन असे लिहिले आहे: ‘मोठे, गडद गुलाबी, अतिशय आकर्षक फूल, झाड जोमदार, भरपूर फुले.’ आमच्या गावाचे नाव देऊन त्याची नोंदणी करावी असे वाटते. हे वर्णन पुरेल का? (एक वाचक, सासवड)

उत्तर: पुरणार नाही. हे वर्णन कितीतरी गुलाबी शेवंतींना जसेच्या तसे लागू पडेल, आणि जे वर्णन दुसऱ्या झाडालाही लागू पडते त्याने आपले झाड वेगळे ठरत नाही. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार नवा वाण हा नवीन, ज्ञात वाणांपासून वेगळा, एकसारखा आणि स्थिर असावा लागतो. वर्णनाचे सारे काम यांतला वेगळेपणा दाखवून देणे हे आहे. त्यासाठी आपल्या झाडाशी सर्वांत मिळताजुळता असा प्रचलित वाण शोधावा, दोघांच्या काश्या एकाच दिवशी, एकाच मातीत, शेजारी लावाव्यात आणि प्रत्येक नोंद दोघांची मिळून करावी.

‘मोठे’ हा शब्द काढून फुलाचा व्यास सेंटिमीटरमध्ये लिहावा. एकाच फुलाचा नव्हे, निरनिराळ्या झाडांवरच्या अनेक फुलांचा, आणि किमान व कमाल अशा दोन्ही आकड्यांसह. ‘गडद गुलाबी’ हे तर प्रत्येकाच्या डोळ्यांवर अवलंबून आहे. लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या रंगतक्त्यातला क्रमांक देणे ही जगभर मान्य झालेली पद्धत आहे. हा तक्ता महाग असतो, म्हणून जवळच्या कृषी विद्यापीठाच्या उद्यानविद्या विभागात विचारून पाहावे. नुकतेच पूर्ण उमललेले फूल घ्यावे, बाहेरच्या ओळीतली एक पाकळी अलगद उपटावी आणि थेट ऊन टाळून सावलीतल्या उजेडात तिचा आतला पृष्ठभाग तक्त्याशी जुळवावा. नंतर पाकळी उलटून पाठीचा रंग स्वतंत्र नोंदवावा. गुलाबी शेवंतीची पाठ पुष्कळदा फिकट किंवा रुपेरी असते आणि दोन वाणांतला फरक नेमका तेथे सापडतो. फूल जुने झाल्यावर रंग कितपत विटतो, हेही लिहावे.

त्याच पाकळीची लांबी व रुंदी मोजावी. ती सपाट आहे की पन्हळीसारखी, बुडाशी नळी किती लांब आहे, टोक गोल, अणकुचीदार की दातेरी, आणि ती आत वळते की बाहेर, हे पाहावे. फूल एकेरी, निमभरगच्च की भरगच्च, आणि पूर्ण उमलल्यावर डोळा दिसतो की नाही, ही नोंद वगळू नये.

पाने खोडाच्या मधल्या भागातली घ्यावीत, कारण बुडाची व शेंड्याची पाने फसवी असतात. लांबी-रुंदीबरोबर सर्वांत खालच्या खाचेची खोली आणि पानाच्या बुडाचा आकार लिहावा. उंची मोजताना शेंडा खुडला होता की नाही हे सांगितले नाही तर आकड्याला अर्थ राहत नाही. फुलण्याची तारीख नोंदवायची असेल तर कुंडी रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात नसावी. रात्रीच्या उजेडाने कळी धरणे लांबते आणि नोंद खोटी ठरते.

‘आकर्षक’ आणि ‘जोमदार’ हे शब्द काढून टाकावेत. त्यांच्या जागी दोषही लिहावेत अशी माझी आग्रहाची सूचना आहे. मान नाजूक असेल, अवकाळी पावसात पाकळ्या तपकिरी पडत असतील, मावा लवकर लागत असेल तर ते स्पष्ट मांडावे. हारासाठी सुटी फुले विकणाऱ्या शेतकऱ्याला ही माहिती रंगापेक्षा अधिक उपयोगी पडते.

एकसारखेपणा आणि स्थिरता एका झाडावरून ठरत नाही. काश्या किंवा कलमे यांपासून निदान दोन हंगाम झाडे वाढवावीत आणि वेगळे निघालेले प्रत्येक झाड मोजून नोंदवावे.

नावाबाबत थोडे थांबावे. भौगोलिक नाव पूर्णतः किंवा अंशतः असलेल्या नावाची नोंदणी या कायद्याने सामान्यतः नाकारता येते. अशा नावाचा वापर प्रामाणिक आहे असे पटल्यास निबंधक ते मान्य करू शकतात, पण तो त्यांचा निर्णय राहील. केवळ आकड्यांचे नाव, वाणाच्या गुणांविषयी गैरसमज करून देणारे नाव आणि धार्मिक भावना दुखावू शकेल असे नावही चालत नाही. गावाचा उल्लेख वाणाच्या उगमाच्या माहितीत अवश्य करावा आणि नाव मात्र दुसरे योजावे.

विक्रीची घाई करू नये. अर्जाच्या तारखेपूर्वी भारतात एक वर्षाहून अधिक काळ विकला गेलेला वाण कायद्याच्या दृष्टीने नवीन राहत नाही, आणि रोपवाटिकेला हौसेने विकलेल्या काश्यांपासूनही हा काळ मोजला जाऊ शकतो. नोंदणी झाल्यास शेवंतीसारख्या पिकाला एकूण १५ वर्षे संरक्षण मिळते. तोवर या निवडीला वर्ष आणि क्रमांक लिहिलेली पट्टी लावावी, आणि काश्या वेगळ्या करताना प्रत्येक कुंडीत तशीच पट्टी जाईल याकडे लक्ष द्यावे, कारण फुले नसताना दोन जवळच्या शेवंतींची रोपे ओळखणे जाणकारालाही कठीण जाते.