‘स्वामी’ वाचताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात आम्ही रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’बद्दल वाचकांची मतं आणि शंका मागवल्या होत्या. थोरले माधवराव पेशवे आणि त्यांची पत्नी रमाबाई यांच्यावरच्या, १९६२ साली आलेल्या या कादंबरीवर आजही लोक हिरिरीने लिहितात, हे आलेल्या पत्रांवरून दिसलं. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेत आहोत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

माधवराव आणि रमाबाईंचं प्रेम कादंबरीत आहे तसं खरोखर होतं का? की सगळं लेखकाच्या मनचं? (सांगली)

अर्धी पत्रं याच प्रश्नाची आहेत, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

कागदपत्रांतून पक्कं कळतं ते थोडं आहे. माधवरावांचा जन्म फेब्रुवारी १७४५चा, लग्न डिसेंबर १७५३मध्ये, म्हणजे नवरदेव आठ वर्षांचा. पेशवाईची वस्त्रं जुलै १७६१मध्ये, सोळाव्या वर्षी. मृत्यू १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला, सत्ताविसाव्या वर्षी, क्षयाने. त्याच दिवशी रमाबाई सती गेल्या. लग्न आणि सती या दोन टोकांच्या मधला संसार कागदावर फार पुसट आहे. पेशव्यांच्या घरातल्या स्त्रिया मोडी दप्तरात दिसतात त्या बहुतेक खर्चाच्या नोंदींत, व्रतवैकल्यांत आणि तीर्थयात्रांत. नवराबायको रात्री काय बोलली, हे लिहून ठेवणं कारकुनाचं कामच नव्हतं. त्यामुळे कादंबरीतलं त्यांचं बोलणं, रुसवेफुगवे आणि एकमेकांकडे पाहणं हे सगळं देसाईंचं आहे.

पण ‘लेखकाच्या मनचं’ म्हणजे खोटं, असं समजू नका. जिथे कागद गप्प आहे तिथे लेखकाने जे भरलं, ते आजूबाजूच्या पक्क्या घटनांशी जुळतं का, हे तपासता येतं. त्याची सोपी रीत अशी. एका कागदावर १७६१ ते १७७२ अशा बारा ओळी आखा. प्रत्येक ओळीत बारा महिन्यांचे रकाने करा. मग माधवराव पुण्यात नव्हते असे महिने पेन्सिलीने काळे करत जा. एरवी स्वारी दसऱ्याला निघायची आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायची, म्हणून घरातला काळ म्हणजे पावसाळा, असा ढोबळ हिशेब धरता येतो. मात्र माधवरावांच्या बाबतीत हा हिशेब वारंवार मोडतो. १७६२च्या नोव्हेंबरात आळेगावला काका राघोबादादांशी लढाई झाली आणि पुतण्याने आपणहून काकांच्या छावणीत जाऊन शरणागती पत्करली. १७६३मध्ये निजामाच्या फौजेने पुणे जाळलं, आणि ऐन पावसाळ्यात, १० ऑगस्टला, गोदावरीकाठी राक्षसभुवनची लढाई झाली. १७६४चा पावसाळा हैदरच्या मोहिमेत कर्नाटकात गेला. १७६६-६७मध्ये पुन्हा कर्नाटक. जून १७६८मध्ये धोडपला राघोबादादांचा पराभव, आणि पुढे दादा शनिवारवाड्यातच नजरकैदेत. १७६९-७०मध्ये तिसऱ्यांदा कर्नाटक, तिथून दुखणं घेऊन परत. त्यानंतर दुखणंच दुखणं.

रकाने काळे करून झाले की पांढरे किती उरतात ते पाहा. या जोडप्याच्या वाट्याला आलेला जाणता संसार अकरा वर्षांचा, आणि त्यातलाही मोठा भाग वाट पाहण्यात गेला. देसाईंनी प्रेमकथा याच पांढऱ्या रकान्यांत बसवली. भेटी थोडक्या आणि विरह लांब ठेवला. आमच्या मते कादंबरी साठ वर्षं टिकली, त्याचं हे मोठं कारण आहे. प्रेम कल्पनेतलं असलं तरी त्याची लांबीरुंदी इतिहासाच्या मापाची आहे.

रमाबाई सतत सोसतच राहतात. त्यांना स्वतःचं मत नाही, राग नाही. आजच्या वाचकाने हे गोड का मानावं? (ठाणे)

गोड मानायलाच हवं असं नाही. हा आक्षेप आम्हाला बराचसा पटतो. कादंबरीत निर्णय घेणाऱ्या स्त्रिया आहेत, पण त्या माधवरावांच्या आई गोपिकाबाईंसारख्या, आणि त्यांच्या निर्णयाला कडवटपणाची छटा आहे. खऱ्या गोपिकाबाई राजकारण जाणणाऱ्या होत्या. कारभारातली त्यांची ढवळाढवळ आणि माहेरच्या रास्त्यांचा प्रश्न यांवरून मायलेकांत बिनसलं, आणि त्या नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या. अशी बाई एका बाजूला उभी केली की दुसऱ्या बाजूची सून आपोआप मऊ होत जाते. ही १९६०च्या दशकातल्या लेखनाची सवय आहे, अठराव्या शतकाचं वास्तव नव्हे. दुसऱ्यांदा वाचताना रमाबाई ज्या प्रसंगी काहीच बोलत नाहीत, तिथे समासात खूण करा. पाच-सहा खुणा झाल्या की लेखकाची पद्धत स्वच्छ दिसू लागते.

शेवटची सती गेल्याची पानं वाचून रडू येतं, आणि मग रडल्याचीच लाज वाटते. मुलीला ही कादंबरी देऊ का? (नागपूर)

द्या, पण ती पानं वाचून झाल्यावर तिच्याशी बोला. पेशव्यांच्या घरात सती जाणं ही प्रत्येक विधवेवरची सक्ती नव्हती. थोरले बाजीराव १७४०मध्ये गेले, काशीबाई त्यानंतर १७५८पर्यंत जगल्या. माधवरावांचे वडील नानासाहेब १७६१मध्ये गेले, गोपिकाबाई सती गेल्या नाहीत. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या पार्वतीबाई जगल्या. पुढे राघोबांनंतर आनंदीबाईही जगल्या. ही चार नावं मुलीला सांगा. मग ‘प्रेम होतं म्हणून सती गेल्या’ हे वाक्य तिला तपासून पाहता येईल, कारण मागे राहिलेल्या चौघींचं प्रेम कमी होतं असं कुणी म्हणू शकत नाही. रमाबाईंनी काय विचार केला हे त्यांच्या तोंडून आपल्यापर्यंत आलेलं नाही. जे आलं ते इतरांनी सांगितलेलं, भारावून जाऊन सांगितलेलं. बंगाल इलाख्यात १८२९मध्ये सतीबंदी झाली, आणि १९८७च्या कायद्याने सतीचा गौरव करणं हाही गुन्हा ठरला, हेही तिला माहीत असू द्या. लेखकाने तो शेवट ज्या ताकदीने लिहिला ती मान्य करायला यातलं काहीच आड येत नाही. रडण्याची लाज वाटण्याचं कारण नाही.

कादंबऱ्यांत एक तारीख, इतिहासाच्या पुस्तकात दुसरी, आणि पुण्यतिथी तिसऱ्याच दिवशी. खरी कोणती? (कोल्हापूर)

बहुतेक वेळा तिन्ही खऱ्या असतात. गोंधळ होतो तो कालगणना मिसळल्यामुळे. मराठी कागदात मुख्यतः दोन गणना येतात.

पहिली शक. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या मितीत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. माधवरावांचा मृत्यू कार्तिक वद्य अष्टमी, शके १६९४. अधिक ७८, म्हणजे १७७२. पौषातल्या मितीला डोळे मिटून ७८ मिळवले की एका वर्षाची चूक होऊ शकते, आणि हीच चूक सर्वांत जास्त आढळते.

दुसरी सुहूर सन, जी अरबी शब्दांत लिहितात. हे साल मृग नक्षत्राला, जूनच्या सुरुवातीला बदलतं. जून ते डिसेंबर ५९९ मिळवा, जानेवारी ते मे ६००. शब्द एककापासून उलटे वाचायचे. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७३. नोव्हेंबर महिना असेल तर ११७३ अधिक ५९९, पुन्हा १७७२. सबा (सात) आणि सबैन (सत्तर) किंवा सीत (सहा) आणि सितैन (साठ) यांत घोळ घालू नका, नाहीतर दशकंच्या दशकं सरकतात.

तिसरी भानगड इंग्रजी तारखेची. इंग्रजांनी १७५२मध्ये जुनी दिनदर्शिका टाकून नवी घेतली, आणि आपल्या इतिहासग्रंथांत त्याआधीच्या तारखा बहुतेक जुन्या पद्धतीच्या असतात. अठराव्या शतकात दोन्हींत ११ दिवसांचं अंतर आहे. बाजीरावांचा मृत्यू २८ एप्रिल १७४०, वैशाख शुद्ध त्रयोदशी. नव्या पद्धतीने तो दिवस ९ मे होतो. ना. सं. इनामदारांची बाजीरावांवरची ‘राऊ’ वाचून तिथी आणि तारीख पंचांगात ताडून पाहणारे इथेच अडखळतात. ‘स्वामी’चा काळ १७६१नंतरचा, म्हणून तिच्यात ही अडचण येत नाही.

वक्तृत्व स्पर्धेत माधवरावांचं वाक्य म्हणून कादंबरीतला संवाद घेतला तर चालेल का? (सोलापूर)

‘माधवराव म्हणाले’ असं म्हणू नका. ‘स्वामी कादंबरीतले माधवराव म्हणतात’ असं म्हणा. परीक्षकाने विचारलंच तर भाषेवरूनही फरक सांगता येतो. त्या काळच्या पत्राची सुरुवात ‘विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहिणे’ अशा साच्याने होते. पुढे फारसी शब्द दाटीने येतात आणि वाक्य क्रियापदाशिवाय लांबत जातं. कादंबरीतली भाषा आखीव, आटोपशीर आणि रंगभूमीवर बोलता येईल अशी आहे. खरं वाक्य हवंच असेल तर माधवरावांनी अखेरच्या आजारात लिहवून घेतलेल्या नऊ कलमांच्या यादीकडे वळा. कर्ज फेडावं, काशी-प्रयाग सोडवावीत, अशा गोष्टी तीत आहेत. भाषणासाठी याहून हृदयाला भिडणारं काय मिळणार?

‘काका, मला वाचवा’ हा प्रसंग कादंबरीत सापडत नाही. आमच्या प्रतीत पानं कमी आहेत का? (बेळगाव)

नाहीत. कादंबरी नोव्हेंबर १७७२मध्ये थेऊरला संपते. ही हाक ज्यांच्या तोंडी घातली जाते, त्या माधवरावांच्या धाकट्या भावाचा, नारायणरावांचा, खून ३० ऑगस्ट १७७३चा. रामशास्त्री प्रभुणे मात्र माधवरावांच्याही काळात न्यायाधीश होते, म्हणून ते दोन्ही कथांत दिसतात.

आमचं बंगळुरूत दहा-बारा मराठी घरांचं वाचन मंडळ आहे. ‘स्वामी’वर चर्चा ठेवली, पण दोन तासांत सगळे ‘किती सुंदर’ म्हणून गप्प झाले. काय चुकलं? (बंगळुरू)

एकाच बैठकीत सगळी कादंबरी घेतलीत, ते चुकलं. शेवट इतका दाट आहे की तो मनात असताना आधीच्या भागाबद्दल कुणाला बोलावंसं वाटत नाही. तीन बैठका करा. पहिली काका-पुतण्याच्या तेढीपासून राक्षसभुवनपर्यंत, दुसरी धोडप आणि दादांच्या कैदेपर्यंत, तिसरी आजारपण आणि थेऊर. तिसऱ्या बैठकीआधी कुणी शेवटाचा विषय काढायचा नाही, असं ठरवूनच घ्या. प्रत्येक बैठकीला एका सदस्याने राघोबादादांची बाजू मांडायची. हे काम सर्वांत अवघड आणि सर्वांत फलदायी आहे, कारण कादंबरी आपल्याला सतत पुतण्याच्या खांद्यावरून पाहायला लावते. एकाने वर सांगितलेला बारा ओळींचा तक्ता करून आणावा. तुम्ही कर्नाटकात आहात, तर तिसऱ्या सदस्याने हैदरच्या बाजूची माहिती जमवावी. शिरे, मधुगिरी, निजगल ही मोहिमेतली ठिकाणं तुमच्यापासून एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहेत. कादंबरीत दोन ओळींत उरकलेली स्वारी तो मुलूख पाहिला की किती मोठी होती ते कळतं. पुण्यातल्या मंडळांना ही सोय नाही.

थेऊरला जायचं आहे. काय पाहावं? (छत्रपती संभाजीनगर)

पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण पंचवीस किलोमीटर. अष्टविनायकांतलं चिंतामणीचं मंदिर. तिथला लाकडी सभामंडप माधवरावांनी बांधवला, तेव्हा गाभाऱ्यात घाईने जाण्याआधी खांबांपाशी थांबा. अखेरचे दिवस त्यांनी याच परिसरात काढले. मग नदीकडे उतरा. मुळा-मुठेच्या काठी रमाबाईंचं वृंदावन आहे. चतुर्थीला गर्दी असते, त्या दिवशी जाऊ नका. कार्तिक वद्य अष्टमीच्या सुमारास, सकाळी लवकर गेलात तर नदीवर धुकं असतं, आणि कादंबरीची शेवटची पानं तिथे बसून वाचायला पाऊण तास पुरतो.