नंबर, तारखा आणि उधारी लिहायला स्वस्तातली डिजिटल डायरी कुठली घेऊ?

तुम्ही लिहिलंय तसं गिऱ्हाइकांचे नंबर, तारखा आणि आंब्याच्या पेट्यांची उधारी एवढंच टिपायचं असेल तर बटणांची साधी कॅसिओची डिजिटल डायरी घ्या, ३२ केबी मेमरीवाली पण पुरते, टचस्क्रीनच्या नादाला लागू नका. मी रत्नागिरीत घड्याळं-कॅल्क्युलेटर रिपेअर करतो, ही यंत्रं आतून बघितलीत, बहुतेकांत बटणासारखे सीआर २०३२ सेल असतात, ते कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतात आणि काळी-पांढरी स्क्रीन बागेत भर उन्हात पण वाचता येते. पाम कंपनीचं झायर हे टचस्क्रीनवालं यंत्र (२००२ चं, २ एमबी मेमरी) कोणी स्वस्तात गळ्यात मारत असेल तर नको, चार्जिंगची बॅटरी आत बसवलेली, एवढ्या वर्षांत ती बसलेलीच असते. टचस्क्रीनच हवं असेल तर त्यापेक्षा पामचंच २००० सालचं एम १०० बरं, दोन ट्रिपल ए सेलवर चालतं.

आता बहुतेक माल जुनाच मिळणार, म्हणून पैसे द्यायच्या आधी:
- सेलचं झाकण उघडून पत्र्या बघा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत हिरवा थर चढतो, थोडा असेल तर घासून जातो, पत्री खाल्ली असेल तर सोडून द्या
- एकेक बटण दाबून बघा, झिरो आणि एंटर आधी मरतात
- चालू वर्षाची तारीख लागते का बघा

फक्त एक, ह्या डायऱ्यांतला डेटा सेलच्या जिवावर असतो, मेन आणि बॅकअप (डेटा राखून ठेवणारा) दोन्ही सेल एकदम काढलेत की सगळी उधारी माफ! एकेक करून बदला आणि मोठ्या रकमा वहीत पण ठेवा.