शेजारच्या सीबी आजोबांसाठी गाडीचं मॅग्नेट: कोणतं घ्यावं, कुठे लावावं

ताई, तुमचे शेजारी पुढच्या महिन्यात ऐंशीचे होताहेत. व्हिएतनामच्या काळात ते अमेरिकन नौदलाच्या ‘सीबी’ या बांधकाम दलात होते, आणि त्यांच्या २०१८ च्या फोर्ड एफ-१५० ट्रकला लावायला बंदूक घेतलेल्या मधमाशीचं मॅग्नेट तुम्हाला द्यायचंय. दिसायला सारखी अशी पंचवीस-तीस मॅग्नेट सापडली, त्यातलं कोणतं घ्यावं, त्याने रंग खराब होईल का, आणि लढाई पाहिलेल्या माणसाला असं कार्टून दिलेलं बरं दिसेल का, हे तुम्ही विचारलंय. माझं कॅलिफोर्नियात ऑक्सनार्डला साइन बोर्डचं दुकान आहे. पोर्ट वायनीमीचा सीबींचा तळ शेजारीच असल्याने ही कामं माझ्याकडे सारखी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ट्रकचं, कारण बेत तिथेच अडणार आहे. फोर्डने २०१५ च्या मॉडेलपासून एफ-१५० ची बॉडी ॲल्युमिनियमची केली. दारं, बॉनेट, मागचा हौदा, त्याचं फळकं, सगळं ॲल्युमिनियम. तिथे मॅग्नेट धरणारच नाही, हातात धरून ठेवलं तरच राहील. कॉर्व्हेटची फायबरची बॉडी, हल्लीचे प्लॅस्टिकचे बंपर, यांचंही तेच. घेण्याआधी फ्रिजवरचं एखादं छोटं मॅग्नेट रुमालात गुंडाळून गाडीला लावून बघावं, म्हणजे शंका राहत नाही. आजोबांच्या घरी दुसरी स्टीलची गाडी असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर ट्रकच्या मागच्या काचेसाठी तेच चित्र विनाइल स्टिकरमध्ये करून घ्या आणि मॅग्नेट त्यांच्या गॅरेजमधल्या टूलबॉक्ससाठी द्या. निवृत्त सीबीच्या गॅरेजमध्ये लोखंडी टूलबॉक्स नाही असं मी अजून पाहिलेलं नाही.

आता त्या कार्टूनबद्दल. ते द्यायला अजिबात संकोच करू नका. हे त्यांचं अधिकृत चिन्ह आहे आणि त्यामागची गोष्ट रक्तरंजित आहे.

डिसेंबर १९४१ मध्ये प्रशांत महासागरातल्या वेक बेटावर नौदलाचा हवाई तळ बांधायचं काम चालू होतं. बांधणारे साधे नागरिक होते, कंत्राटदाराची माणसं: सुतार, डोझर चालवणारे, वायरमन, मिळून ११०० च्या वर. पर्ल हार्बरपाठोपाठ जपानने तिथे हल्ला केला. त्यातल्या कित्येकांनी मरीन सैनिकांच्या बरोबरीने तोफांवर काम केलं, पण २३ डिसेंबरला बेट पडलं आणि सगळे कैद झाले. आंतरराष्ट्रीय कायद्यापुढे त्यांची बाजू लंगडी होती. गणवेश नसलेल्याने शस्त्र उचललं तर त्याला सैनिक न मानता सरळ मारता येत होतं. बहुतेकांना पुढे दुसऱ्या छावण्यांत हलवलं, ९८ जणांना मात्र कामासाठी बेटावरच ठेवलं, आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांना गोळ्या घातल्या. त्यातला एक जण निसटला. त्याने एका खडकावर ‘९८’ आणि तारीख कोरून ठेवली. तोही नंतर पकडला जाऊन मारला गेला. तो खडक आजही वेकवर आहे.

नौदलाच्या बांधकाम खात्याचे प्रमुख रिअर ॲडमिरल बेन मोरील यांना ही अडचण लगेच कळली होती. बांधणाऱ्याला गणवेश आणि बंदूक दिल्याशिवाय युद्धात काम होणार नाही, म्हणून त्यांनी २८ डिसेंबर १९४१ ला परवानगी मागितली आणि ५ जानेवारी १९४२ ला ती मिळाली. ‘कन्स्ट्रक्शन बटालियन’ची आद्याक्षरं सी आणि बी, त्यावरून सीबी, आणि इंग्रजीत ‘बी’ म्हणजे मधमाशी, त्यावरूनच ती माशी. हे नाव ५ मार्च १९४२ ला मंजूर झालं आणि सीबी तोच आपला वाढदिवस मानतात. सुरुवातीला पोरंसोरं घेतली नाहीत. बोल्डर धरण, न्यूयॉर्कचे बोगदे, तेलाच्या विहिरी अशा कामांवर मुरलेले कारागीर आले. पहिल्या भरतीचं सरासरी वय ३७ होतं. युद्ध संपेपर्यंत सुमारे सव्वातीन लाख माणसं या दलातून गेली.

चित्र काढलं फ्रँक इआफ्राटे या कारकुनाने, ऱ्होड आयलंडमधल्या क्वान्सेट पॉइंटला, १९४२ च्या सुरुवातीला. आधी त्याच्या मनात बीव्हर हा धरणं बांधणारा प्राणी होता, पण बीव्हर धोका दिसला की पळतो हे वाचल्यावर त्याने तो सोडला. माशी कामसू, आपण होऊन कुणाच्या वाटेला जात नाही, पण डिवचलं तर डंख मारते. त्याने तिला खलाशाची पांढरी टोपी, पुढच्या हातांत टॉमीगन ही छोटी मशीनगन, मागच्या हातांत पाना आणि हातोडा दिला. मूळ चित्रात माशीभोवती क्वान्सेटचं ‘क्यू’ हे अक्षर होतं. मोरील यांनी एवढाच बदल सुचवला की त्या जागी जहाजाचा जाड दोर असावा. मॅग्नेट निवडताना हा दोर नीट बघा. स्वस्तातल्या छपाईत दोराचे पीळ एकमेकांत मिसळून नुसतं तपकिरी कडं उरतं, पान्याचा आकार ओळखू येत नाही आणि टॉमीगनच्या जागी भलतीच बंदूक असते. आजोबांच्या नजरेतून हे सुटणार नाही. पाकिटावर अमेरिकन नौदलाचं अधिकृत परवानाधारक उत्पादन असल्याची खूण असेल तर चित्र बहुधा बरोबर असतं.

पण ताई, माझ्या मते चित्रापेक्षा महत्त्वाचा आहे आकडा. माशी सगळ्या सीबींची, बटालियनचा नंबर मात्र त्या माणसाचा. आमच्या काउंटरवर जुने सीबी येतात ते हातात मॅग्नेट घेऊन आधी खाली लिहिलेला नंबर वाचतात. तो आपला नसेल तर ‘छान आहे’ म्हणून परत ठेवतात. प्रत्येक बटालियनचं वेगळं चिन्हही असतं. १३३ चा कांगारू इथे मिसिसिपीतल्या गल्फपोर्टच्या सीबी तळावरून आलेल्या गाड्यांवर लगेच ओळखू येतो. आपल्याकडे खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधला निवृत्त माणूस आपली कंपनी किती अभिमानाने सांगतो, ते आठवून बघा. फरक इतकाच की ते लष्कराचे, हे नौदलाचे.

व्हिएतनामच्या माणसाच्या बाबतीत नंबर विचारणं आणखी गरजेचं, कारण त्या युद्धासाठी पुन्हा उभ्या केलेल्या काही बटालियन नंतर गुंडाळल्या गेल्या. तयार मालात सहसा आज चालू असलेल्या बटालियनच मिळतात, जुन्या नंबरांची वेगळी छपाई करून घ्यावी लागते. दुसरं म्हणजे आजोबा ‘सीबी टीम’मध्ये असू शकतील. या १३ माणसांच्या छोट्या तुकड्या होत्या, खेड्यांत विहिरी, रस्ते, शाळा बांधायच्या आणि लष्कराच्या स्पेशल फोर्सेसच्या छावण्यांचं बांधकाम करायच्या. टीमच्या नंबरातच बटालियन दडलेली असायची: ११०४ म्हणजे ११ नंबरच्या बटालियनची चौथी टीम. हीच ती मार्विन शील्ड्स यांची टीम. १० जून १९६५ ला व्हिएतनाममधल्या डाँग झोआईच्या छावणीवर मोठा हल्ला झाला. शील्ड्स हुद्द्याने मेकॅनिक. दोनदा जखमी होऊनही त्यांनी दुसऱ्या एका जास्त जखमी माणसाला सुरक्षित जागी नेलं. मग समोरची मशीनगन बंद पाडायला छावणीच्या कमांडरबरोबर रॉकेट लाँचर घेऊन गेले, ती उडवली आणि परतताना प्राणघातक जखमी झाले. मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेले ते आजवरचे एकमेव सीबी आहेत. आजोबांशी बोलताना हे नाव निघालं तर त्यांचा आवाज बदलेल, त्यांना बोलू द्या.

नंबर विचारायचा म्हणजे भेटीचं गुपित फुटेल अशी काळजी असेल तर आजींना विचारा. किंवा त्यांच्या घरात भिंतीवर फ्रेम केलेला पट्टा-बिल्ला किंवा जुनी टोपी असेल, त्यावर दिसेल. ‘तुम्ही कुठे होतात, काय बांधलंत?’ असं सरळ विचारलंत तरी चालेल. सीबींना लढाईपेक्षा बांधकामाबद्दल विचारलेलं आवडतं, हा माझा अनुभव आहे. व्हिएतनाममधल्या चू लायची धावपट्टी टाकणारे एक गृहस्थ आमच्याकडे येतात, ते वाळूवर ॲल्युमिनियमचे पत्रे कसे बसत नव्हते हे अजून हातवारे करून सांगतात.

छापून घेणार असाल तर मॅग्नेट शीट ३० मिलची मागा, म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आसपास. त्याहून पातळ शीट फ्रिजला ठीक, फ्रीवेवर वाऱ्याने उचलली जाते. वर विनाइलची छपाई आणि त्यावर अतिनील किरणांना टिकणारं लॅमिनेशन हवं, नाहीतर कॅलिफोर्नियाच्या उन्हात पिवळा रंग सगळ्यात आधी उडतो आणि माशी फिकट पडते. कोपरे गोल कापायला सांगा. टोकदार कोपरा आधी वर येतो आणि तिथूनच वारा शिरतो. पाच-सहा इंचांचं गोल पुरे. दारावर लावायची मोठी कंत्राटदारांसाठी असतात.

रंगाचं म्हणाल तर मॅग्नेट स्वतः रंग खात नाही, मागे अडकलेली धूळ आणि पाणी खातं. पत्रा आणि मॅग्नेटची पाठ दोन्ही पुसून, कोरडं करून लावायचं, आठवड्यातून एकदा काढून पुन्हा पुसायचं, गाडी धुवायला नेताना काढून ठेवायचं. एकाच जागी वर्षभर राहिलं तर आजूबाजूचा रंग उन्हाने उडतो आणि खालचा तसाच राहतो, मग कायमचं वर्तुळ दिसतं. नव्याने रंगवलेल्या गाडीला दोन-तीन महिने लावू नये. इंजिनावरच्या बॉनेटवर नकोच. काढून ठेवलेलं मॅग्नेट सपाट ठेवा, घडी पडली की ते पुन्हा नीट बसत नाही.

एक मात्र सांभाळा. ‘सीबी व्हेटरन’ लिहिलेलं मॅग्नेट फक्त आजोबांसाठी. तुमच्या मुलाला माशी आवडली आणि स्वतःच्या गाडीवर लावायची असेल तर नुसतं चिन्ह किंवा पाठिंबा दाखवणारं घ्या. न केलेल्या नोकरीचा दावा गाडीवर मिरवला तर इथली जुनी माणसं फार दुखावतात.

ब्रीदवाक्य घालायचं असेल तर ‘कॅन डू’ हे दोन शब्द पुरेत, ते त्यांच्या बोलण्यातले आहेत. ‘आम्ही बांधतो, आम्ही लढतो’ या अर्थाचं लॅटिन वाक्य लहान गोलात वाचता येत नाही. नंबर कळला की इथेच लिहा. त्या बटालियनचं त्या काळातलं चिन्ह कसं होतं ते पोर्ट वायनीमीच्या सीबी म्युझियममध्ये बघून सांगतो, म्हणजे छापणाऱ्याला बरोबर चित्र देता येईल. छपाईला आठवडा धरा, फेब्रुवारी-मार्च असेल तर दोन, कारण ५ मार्चच्या आधी सगळ्यांच्याच ऑर्डरी एकदम येतात.