मँचेस्टरला बॉक्सिंगसाठी यायचे असेल तर

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय २३ आहे, अकोल्यात बॉक्सिंग शिकलात, राज्य स्पर्धेतील दोन पदके गाठीशी आहेत, आणि आता मँचेस्टरमध्ये एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊन तिथूनच व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये उतरायचा विचार आहे. विजेंदर सिंगला जे जमले ते मला का जमू नये, असाही तुमचा प्रश्न आहे. मी या शहरात १४ वर्षे राहतो. व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी एका जिममध्ये मुलांचे खांदे, मनगटे आणि बोटांचे सांधे बघतो. त्यामुळे रिंगच्या दोरांआडून थोडेफार पाहिले आहे. उत्तर जरा लांबेल.

सर्वात आधी व्हिसाचे, कारण तुमचा बेत तिथेच अडतो. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास नोकरी करता येते हे तुम्हाला एजंटाने सांगितले असेलच. पण त्याच व्हिसावर स्वयंरोजगार करता येत नाही आणि व्यावसायिक खेळाडू म्हणून खेळता येत नाही, हे बहुधा सांगितलेले नसेल. व्यावसायिक बॉक्सर हा एकाच वेळी दोन्ही असतो. शिवाय ‘व्यावसायिक खेळाडू’ची तिथली व्याख्या बरीच ऐसपैस आहे आणि अलीकडे राज्याकडून खेळलेला माणूसही तिच्यात सापडू शकतो, म्हणून इथल्या हौशी क्लबात नाव घालण्यापूर्वीसुद्धा व्हिसाच्या वकिलाला विचारून घ्या. सरळ मार्ग म्हणजे आंतरराष्ट्रीय खेळाडूंसाठी असलेला व्हिसा, आणि त्याला ब्रिटिश बॉक्सिंग बोर्ड ऑफ कंट्रोल या १९२९ सालापासूनच्या नियामक संस्थेचे शिफारसपत्र लागते. ते पत्र होतकरूंसाठी नसते. ज्याने वरच्या पातळीवर काही करून दाखवले आहे, त्याच्यासाठी असते.

आता विजेंदरकडे वळू. २०१५ च्या जूनमध्ये त्याने व्यावसायिक होण्याचा निर्णय जाहीर केला तेव्हा त्याच्या नावावर २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचे कांस्य होते, २००९ च्या मिलानच्या जागतिक स्पर्धेचे कांस्य होते, २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेचे सुवर्ण होते आणि तीन ऑलिंपिकचा अनुभव होता. तो मँचेस्टरला आला तो क्वीन्सबेरी या प्रमोटर, म्हणजे लढती भरवणाऱ्या, कंपनीशी अनेक वर्षांचा करार करून, आणि प्रशिक्षक म्हणून ली बिअर्ड ठरलेले होते. विमानात बसण्याआधीच त्याला जिम, प्रशिक्षक आणि लढती मिळालेल्या होत्या. आपल्याकडे सांगताना नेमका हा भाग गळतो आणि ‘मँचेस्टरला गेला आणि चॅम्पियन झाला’ एवढेच उरते.

त्याच्या लढतींची आखणी मुद्दाम पाहा. १० ऑक्टोबर २०१५ रोजी मँचेस्टर अरीनामध्ये पहिली लढत, समोर सनी व्हाइटिंग, तिसऱ्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. मग डब्लिन, पुन्हा मँचेस्टर, लिव्हरपूल, लंडन आणि मँचेस्टरजवळचे बोल्टन. साधारण सात महिन्यांत सहा लढती झाल्या आणि सहाही त्याने ठरलेल्या फेऱ्या पूर्ण होण्याआधीच जिंकल्या. (लिव्हरपूलचा प्रतिस्पर्धी अलेक्झांडर होर्वाथ आपण सापाचे रक्त पिऊन तयारी करतो असे सांगत हिंडत होता, तिसऱ्या फेरीपुढे ते रक्त कामी आले नाही.) प्रतिस्पर्धी टप्प्याटप्प्याने कठीण होत जावेत याची काळजी प्रमोटर घेतो, आणि त्याचा पैसा तुमच्यात गुंतलेला असेल तरच घेतो. सातवी लढत १६ जुलै २०१६ ला दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये केरी होपविरुद्ध झाली, पूर्ण दहा फेऱ्या चालली आणि तिच्यात त्याने डब्ल्यूबीओ या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा आशिया-पॅसिफिक सुपर मिडलवेट किताब मिळवला. पुढच्या वर्षी ५ ऑगस्टला मुंबईत वरळीला झुल्पिकार मैमैतिअलीला गुणांवर हरवून ओरिएंटल किताबही घेतला. हे दोन्ही प्रादेशिक पट्टे आहेत. जागतिक किताबाच्या लढतीपर्यंत तो पोचला नाही, हे त्याला कमी लेखण्यासाठी नव्हे, तर एवढी शिदोरी असलेल्या माणसाची मजल कुठवर गेली ते लक्षात यावे म्हणून सांगतो.

ज्याच्या मागे असा करार नाही त्याचे काय होते, ते मी छोट्या हॉलांमधून पाहिले आहे. इथे नवा बॉक्सर ‘घरच्या’ कोपऱ्यातून उतरतो तेव्हा आपली तिकिटे त्याला स्वतः विकावी लागतात. त्या विक्रीतून आधी समोरच्या प्रतिस्पर्ध्याचे मानधन निघते, मग आयोजकाचा वाटा, आणि उरलेच तर त्याचे. जे मिळेल त्यातूनही प्रचलित करारांत २५ टक्क्यांपर्यंत मॅनेजरचे आणि साधारण १० टक्के प्रशिक्षकाचे जातात. मी एका मुलाच्या हाताला पट्ट्या बांधत होतो. डावा हात झाला होता, आणि तो उजव्या हाताच्या अंगठ्याने मोबाइलवर ‘मावशीची दोन तिकिटे दारावर ठेव’ असा निरोप लिहीत होता. पायाशी पिशवीत पाकिटे होती, प्रत्येकावर नाव आणि रक्कम. अर्ध्या तासाने त्याला मार खायला जायचे होते आणि डोक्यात हिशेब होता की तीन जणांनी अजून पैसे दिलेले नाहीत. तुमची मावशी अकोल्यात आहे. इथली मराठी मंडळी गणपतीला आणि दिवाळीच्या फराळाला भरभरून जमतात, पण शनिवारी रात्री बोल्टनच्या हॉलमध्ये तुमच्यासाठी शंभर माणसे येतील असे मी सांगू शकत नाही. रिकी हॅटन आठवतो. मँचेस्टरजवळच्या हाइड गावचा हा मुलगा १९९७ मध्ये व्यावसायिक झाला आणि जून २००५ मध्ये मँचेस्टर अरीनात, अमेरिकेतील प्रक्षेपणाच्या सोयीसाठी रात्री दोनच्या सुमाराला, तेव्हाचा जगज्जेता कोस्ट्या झू याच्याविरुद्ध उतरला, तेव्हा सभागृहात २०,००० वर लोक जागे होते. ती गर्दी आपल्या गावाने उभी केलेली असते.

तिकिटे विकता न येणाऱ्यासाठी दुसरा कोपरा असतो, ‘पाहुण्यांचा’. तिथे ठरलेले मानधन मिळते आणि अपेक्षा अशी की उभे राहावे, नव्या मुलाला चार फेऱ्या शिकवाव्यात आणि गुणांवर हरावे. बर्मिंगहॅमचा पीटर बकली ३०० व्यावसायिक लढती खेळून २००८ मध्ये निवृत्त झाला. त्यांपैकी २५६ हरला आणि अखेरची मात्र जिंकला. मला त्या माणसाविषयी आदर आहे, कारण फारशी इजा होऊ न देता एवढ्या लढती खेळणे ही वेगळीच विद्या आहे. पण चॅम्पियन व्हायला निघालेला मुलगा त्या कोपऱ्यात शिरला की सहसा परत फिरत नाही.

व्यावसायिक लढतींसाठी लागणाऱ्या बोर्डाच्या परवान्यासाठी मेंदूचा एमआरआय, डोळ्यांची तपासणी, एचआयव्ही आणि कावीळ ब व क यांच्या रक्तचाचण्या द्याव्या लागतात आणि त्या वेळोवेळी पुन्हा कराव्या लागतात. मेंदूच्या चित्रात काही आढळले तर कोणाचीही ओळख चालत नाही, आणि ते योग्यच आहे. हा एमआरआय तुम्ही तिकडेच आधी करून घ्या; परदेशी येऊन, घरच्यांचे कर्ज डोक्यावर घेऊन ही बातमी ऐकण्यापेक्षा ते बरे.

अजून एक गोष्ट विजेंदरच्याच कारकिर्दीतून घेण्यासारखी आहे. पहिल्या वर्षाचा तो वेग टिकला नाही. डिसेंबर २०१७ नंतरची पुढची लढत थेट जुलै २०१९ मध्ये अमेरिकेत नेवार्कला, आणि नोव्हेंबर २०१९ नंतरची मार्च २०२१ मध्ये पणजीला, मांडवीतल्या कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर. तिथे आर्तिश लोप्सानने पाचव्या फेरीत त्याला त्याचा पहिला व्यावसायिक पराभव दाखवला. वय ३५, मधे सोळा महिने रिंग नाही. माझ्या मते तो लोप्सानइतकाच या खंडाकडूनही हरला. व्हिसाच्या खेपा, शिक्षण आणि हॉटेलातील पाळ्या यांत तुमचे असेच खंड पडतील, आणि तेही कारकिर्दीच्या सुरुवातीलाच.

म्हणून माझे मत असे की दोन-तीन वर्षे तिकडेच राष्ट्रीय पातळीवर काढावीत, सैन्यदल किंवा रेल्वेच्या संघातून जमले तर उत्तम. निशांत देव पाहा: २०२३ च्या जागतिक स्पर्धेचे कांस्य, पॅरिस ऑलिंपिकची उपांत्यपूर्व फेरी, मग मॅचरूम या प्रमोटर कंपनीशी करार, आणि जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासला पदार्पणात पहिल्याच फेरीत विजय. पदव्युत्तर शिक्षण खरोखर हवे असेल तर त्यासाठी जरूर या, पण मग ते वर्ष शिक्षणाचेच समजा आणि बॉक्सिंगचा खर्च त्याच्या गळ्यात बांधू नका.

तुमच्या शेवटच्या चार लढतींचे चित्रीकरण मला पाठवा; त्यात हरलेली एक तरी असू द्या. आमच्या जिममधील प्रशिक्षकांना दाखवतो आणि ते जे म्हणतील ते गोड न करता कळवतो. मी फेब्रुवारीत पुण्यात तीन आठवडे आहे. उजव्या मनगटाचे दुखणे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. त्याचा एक्स-रे घेऊन भेटायला या, कारण मला तुमच्या पत्रातली सर्वात काळजीची ओळ तीच वाटली.