एक्केचाळीसचा गठ्ठा

बाळा,

परवा ऐरोली स्टेशनबाहेर कटिंग घेताना तू मोबाइलवर ढाक्याचा व्हिडिओ दाखवलास. 5 ऑगस्ट 2024. शेख हसीना देश सोडून गेल्या आणि लोक थेट त्यांच्या घरात. कुणाच्या हातात खुर्ची, कुणाच्या मासा. डोळे चमकले तुझे. आणि चहा संपायच्या आत म्हणालास, साहेबांनी कंत्राटी पोरांचे ओव्हरटाइमचे तास कमी दाखवायला सांगितलेत. "करून टाकतो काका, आपल्या एकट्याने काय होतंय?"

अरे, 15 वर्षांची सत्ता उलथायची स्वप्नं बघतोस आणि एक हजेरीपट सांभाळवत नाही? आकड्याला हात लावू नकोस.

मला मनिला आठवते, फिलिपिन्सची राजधानी. तिथला हुकूमशहा मार्कोस 20 वर्षं खुर्चीत. फेब्रुवारी 1986 च्या निवडणुकीची बेरीज चालली होती. संगणकावर बसलेल्यांना दिसलं, आपले आकडे वेगळे आणि समोरच्या फलकावरचे वेगळे. 9 तारखेला 35 जण उठले, बाहेर पडले, चर्चमध्ये आसरा घेतला. बहुतेक मुलीच. रणगाड्यांसमोर उभी राहिलेली लाखोंची गर्दी नंतरची. 25 ला मार्कोस पळाले. (2022 मध्ये त्यांचाच मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला, हे तू म्हणशीलच. मग काय त्या पोरींनी गुपचूप बसून राहायचं होतं?)

मी बसून राहिलो होतो. ठाण्यात आमच्या पतपेढीची निवडणूक. मतपत्रिकांचे पन्नास-पन्नासचे गठ्ठे, रबर लावलेले. एक सैल लागला म्हणून मोजला, एक्केचाळीस भरल्या. तक्त्यावर पन्नास. खाली मी सही केली. घरात दोन लहान मुली होत्या, घराचे हप्ते होते... तेव्हाही स्वतःला हेच सांगितलं, आज तुला सांगतोय. त्यानंतर मात्र मोजल्याशिवाय कुठेच सही केली नाही. दोनदा बढती हुकली, 'हेकट' नाव पडलं. काकू अजून ऐकवते. ऐकवू दे.

तुला नोकरी सोड म्हणत नाही. साहेबांना एवढंच विचार, "तास कमी करायचं लेखी देता का?" तोंडी हुकूम सोडणारे लेखी द्यायची वेळ आली की कसे पाणी प्यायला उठतात, बघ. आणि खऱ्या तासांची एक प्रत स्वतःपाशी ठेव. आकड्याला हात लावू नकोस, कितीदा सांगू?

रविवारी ये. अळूवड्या आहेत. आधी साहेब काय म्हणाले ते सांगायचं, मग ताट.

तुझा,
काका