एजंटसाठी टूलचं वर्णन लिहिताना
एआय एजंटसाठी, म्हणजे स्वतः टूल वापरून कामं करणाऱ्या भाषा-मॉडेलसाठी, तू लिहिलेलं ऑर्डर शोधायचं टूल पाहिलं. कोड छान आहे, पण वर्णनात फक्त "ऑर्डर शोधते" एवढंच लिहिलंयस. एजंटला तुझा कोड दिसत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही (एआय मॉडेलला बाहेरची टूल्स जोडायची एक प्रमाण पद्धत) मॉडेलला मुख्यतः मिळतं ते टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरचा जेसन स्कीमा, म्हणजे टूलला कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याचा आराखडा. म्हणून टूल कधी वापरायचं आणि कधी अजिबात नाही, हे तिथेच लिही.

तारखेचंच बघ. ०३/०४/२०२५ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? "वर्ष-महिना-दिवस, उदा. २०२५-०४-०३" असं उदाहरणासकट दे. ऑर्डरची स्थिती ठरावीक चार-पाचच असतील तर मोकळी स्ट्रिंग (कोणताही मजकूर) नको, एनम (ठरलेल्या पर्यायांची यादी) दे. नाहीतर मॉडेल अंदाजाने काहीतरी भरतं.

एरर मेसेजकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, मला ते फार खटकतं. नुसतं "४००" (रिक्वेस्ट चुकीची आहे, एवढंच सांगणारा कोड) परत आलं तर एजंट तीच चुकीची रिक्वेस्ट पुन्हा पुन्हा पाठवत बसू शकतो. "ऑर्डर क्रमांक आठ अंकी हवा, सहाच अंक मिळाले" असं सांगितलंस, तर बहुतेक वेळा तो स्वतःच दुरुस्त करतो.

आणि ऑर्डर रद्द करायचं टूल वेगळंच ठेव. एकदा रद्द केलेली ऑर्डर परत आणता येत नसेल, तर ते पहिल्याच ओळीत लिही.